हादरा मुद्दाम आणायचा! : लाकडावरच्या नक्षीची घरगुती हत्यारं

(या भागाचं शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय, अडखळणं तेवढं काढलंय. हत्यारांचे आवाज ऐकायचे असतील तर मूळ भागच ऐका.)

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा. सुरुवातीलाच एक आवाज ऐकवणार आहे आणि तो कानाला गोड नाहीये.

[लेथ फिरल्याचा आवाज. मग दोन सेकंद बारीक, टोकदार 'ट्रीईईई'.]

ऐकलंत? आमच्या घरात हा आवाज म्हणजे शिवी होती. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ४० वर्षं लाकडी लेथवर काम करतायत. लाटणी, रव्या, पोळपाटाचे पाय, पाळण्याचे दांडे, भोवरे, कुंकवाचे करंडे. पूर्वी याला कातारी म्हणायचे. लहानपणी मी शेडमध्ये खेळत असायचो, आणि कधी चुकून हा 'ट्रीईई' आला की आबा तिथल्या तिथे मोटर बंद करायचे. पटाशी बोथट झाली, किंवा टेकणापासून फार पुढे गेली, किंवा लाकूड बारीक असून मधेच लवायला लागलं, की हत्यार थरथरतं आणि लाकडावर बारीक लाटा उठतात. त्याला आबा 'हादरा' म्हणतात. हादरा बसलेलं लाटणं दुकानदार घेत नाही. ते एकतर पुन्हा कातायचं, नाहीतर चुलीत घालायचं.

आणि आजचा भाग आहे हा हादरा मुद्दाम कसा आणायचा, यावर. म्हणजे लेथवर कातलेल्या लाकडावर नक्षी, खडबडीतपणा, टिपके, लाटा काढायची हत्यारं घरच्या घरी कशी बनवायची. बाहेर याची तयार हत्यारं मिळतात. इंग्लंडमध्ये शेफील्डची रॉबर्ट सॉर्बी ही कंपनी बनवते, चांगली असतात. पण ती इकडे मागवायची तर माझ्या खिशाला परवडणारी नाहीत. आणि खरं सांगू का, ती उघडून बघितली की कळतं, आत काय आहे? एक चाक, एक दांडा, एक मूठ.

आधी हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मी कोल्हापुरात एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर आहे. लोखंडाचं काम. लाकडाचं काम आबांचं. दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि आबांनी लेथ विकायला काढलं. का, तर दुकानदार एका लाटण्याचे ३५ रुपये द्यायला तयार, आणि तेवढ्यात लाकूड, वीज, पॉलिश पेपर हेच सुटत नव्हतं. भंगारवाला येऊन बघून पण गेला. किलोवर घेणार होता. अर्धा एचपीची मोटर, पट्ट्यावर चालणारी तीन पायऱ्यांची पुली, ओतीव बिडाचा सांगाडा. ज्या लेथवर आमच्या तिघा भावंडांची शाळा झाली ते किलोवर! मला ते बघवेना. आबांना म्हटलं, "आबा, तीन महिने द्या मला." ते काहीच बोलले नाहीत. आमच्याकडे याचा अर्थ हो असतो.

तेवढ्यात ताईच्या ओळखीतून पुण्याच्या एका दुकानाची ऑर्डर आली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वाणासाठी ५० करंडे. पण बाईंची अट होती, "साधे नकोत हं, जरा वेगळे हवेत." आता करंडा म्हणजे काय, गोल डबी, वर झाकण, झाकणाला बोंड. त्यात वेगळं काय करणार? मी फोनवर व्हिडिओ बघत बसलो आणि तिथे हा प्रकार सापडला. एक माणूस फिरणाऱ्या लाकडाला लवचिक पट्टी टेकवतो, 'ट्रीईई' आवाज येतो, लेथ थांबतं आणि झाकणावर सूर्यफुलासारखी नक्षी! दोन सेकंदांत.

मला वाटलं, हे तर आपण उद्या सकाळी करू.

आता पहिली चूक ऐका, कारण ही चूक तुमच्यापैकी दहाजण तरी करणार आहेत. हत्यार बनवायचं म्हटलं की आपल्या हाताला सगळ्यात आधी काय लागतं? जुनी कानस. घरात पडलेली असते, पोलाद चांगलं असतं, ग्राइंडरवर घासली की धार येते. मी आठ इंची चपटी कानस घेतली, पुढचा भाग घासून पातळ केला आणि लेथला लावली. अर्ध्या मिनिटात टेकणाच्या कडेवर ती काचेसारखी तुटली. पुढचा बोटभर तुकडा उडाला आणि माझ्या कानाजवळून मागच्या पत्र्यावर आपटला. पत्र्याला पोचा आहे अजून. तोंडावर शील्ड नव्हती. साधा चष्मा होता, तो पण नंबरचा.

कानस तुटते कारण ती लोखंड घासण्यासाठी बनवलेली असते. तिला पाणी देऊन इतकं कडक केलेलं असतं की लवायची ताकद तिच्यात उरत नाही. कडकपणा वेगळा आणि चिवटपणा वेगळा. मी दिवसभर लोखंडात काम करणारा माणूस, मला हे माहीत होतं हो! तरी केलं. घाई.

आवाज ऐकून आबा आले. त्यांनी आधी माझं तोंड दोन्ही हातांनी धरून नीट बघितलं. मग तुकडा उचलला आणि म्हणाले, "हे काय चालवलंयस रं?" मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी पूर्ण बघितला, अगदी शेवटपर्यंत. आणि म्हणाले, "चाळीस वर्षं गेली माझी हादरा घालवण्यात. आणि तू विकत आणल्यागत घरात आणायलास?"

दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

बरं, तर मग पट्टी कशाची घ्यायची? सांगतो. तुमच्या गावात आरागिरणी असेल तर तिथे जा. ओंडके चिरायचा जो मोठा पट्टा असतो ना, दातांचा, तो कधीतरी तुटतो आणि त्याचे तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात. ते स्प्रिंगचं पोलाद असतं. दिवसभर दोन चाकांवरून वाकत फिरायचं म्हणजे चिवट असावंच लागतं. माझ्याकडचा तुकडा साधारण एक मिलिमीटर जाडीचा आहे. चहाच्या पैशांत मिळाला. त्यातून १२ मिलिमीटर रुंदीची आणि चार इंच लांबीची पट्टी कापली. कापताना ग्राइंडर सलग चालवायचा नाही. दोन सेकंद घास, पाण्यात बुडव, परत घास. पोलाद निळं पडलं की समजायचं तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, आता ती धार टिकणार नाही. निळा भाग कापून टाका आणि नव्याने सुरू करा. पट्टीचं टोक नखासारखं गोल करायचं आणि धार एकाच बाजूने लावायची.

मग ती धरायची कशात? १६ मिलिमीटरचा चौकोनी बार घेतला, त्याच्या टोकाला हेक्सा ब्लेडने एक खाच पाडली, आडवे आटे पाडून दोन बोल्ट बसवले. पट्टी खाचेत सरकवायची आणि बोल्ट आवळायचे. एवढंच. मुठीसाठी बाभळीचा दांडा लागणार होता. मी तो कातायला घेतला आणि तेवढ्यात आबा मागून आले, मला बाजूला केलं आणि स्वतः कातून दिला. तेव्हाही बोलले नाहीत. पण मूठ अशी बसली हातात, की काय सांगू.

आता गंमत. हत्यार तयार, पण नक्षी येईना. कधी नुसता खरखर आवाज आणि काळपट डाग, कधी पट्टी लाकडात रुतायची. एका रात्रीत मी सात झाकणं वाया घालवली. आठव्याला मागून आवाज आला, "फाटका वाजतोय. पट्टी सैल हाय बघ." मी बोल्ट आवळला. "आता आत घे जरा." पट्टी चार-पाच मिलिमीटर आत सरकवली. "हां. आता लाव."

[पुन्हा 'ट्रीईईई', या वेळी एकसारखा, स्वच्छ.]

पहिलं फूल उमटलं.

ज्या माणसाने ४० वर्षं कानाने हादरा पकडून तो थांबवला, त्याच्यापेक्षा जास्त हादरा कोणाला कळणार? मला हे सुचलंच नव्हतं. मी व्हिडिओतल्या माणसाला विचारत बसलो होतो.

यातलं विज्ञान सोपं आहे आणि ते तुम्ही शाळेत केलंय. प्लॅस्टिकची पट्टी बाकाच्या कडेवर दाबून धरायची आणि बाहेरचं टोक टिचकीने उडवायचं. पट्टी जास्त बाहेर असली की 'भर्रर्र', कमी बाहेर असली की 'टिर्रर्र'. बाहेरची लांबी निम्मी केली की कंपनं दुप्पट नाही, चौपट होतात. म्हणून चार-पाच मिलिमीटर आत घेतल्यावर एवढा फरक पडला. आमची पट्टी बाहेर तीस-बत्तीस मिलिमीटर असते. समजा ती सेकंदाला ८०० वेळा थरथरते आणि लेथ मिनिटाला १२०० फेरे घेतंय, म्हणजे सेकंदाला २०. मग एका फेऱ्यात ४० खुणा पडणार. ४० बरोबर पडल्या तर पुढच्या फेऱ्याच्या खुणा आधीच्या खुणांच्या शेजारीच बसतात आणि मधून बाहेर जाणाऱ्या ओळी दिसतात. साडेचाळीस पडल्या तर विटांच्या भिंतीसारख्या एकाआड एक बसतात. आणि ४० हून किंचित कमीजास्त झाल्या तर ओळी वळत जातात, सूर्यफुलाच्या बियांसारख्या. म्हणजे वेग बदला, लांबी बदला, हात नेण्याची गती बदला, दर वेळी नवी नक्षी. सारख्या ५० येणं अवघडच. पण बाईंना वेगळे हवे होते ना!

हात कसा न्यायचा? आधी पृष्ठभाग धारदार हत्याराने अगदी स्वच्छ कातून घ्यायचा. मूठ किंचित वर, टोक किंचित खाली. मधल्या बोंडाजवळ हलकेच टेकवायचं आणि दोन-तीन सेकंदांत कडेपर्यंत आणायचं. एकदाच! आवडलं म्हणून परत फिरवलं की आधीची नक्षी पुसली जाते. मी परत फिरवतोच, सवय जात नाही, आणि दर वेळी पस्तावतो.

आणि लाकूड. हे हत्यार कुठेही चालत नाही. ओंडका आडवा कापल्यावर जिथे वर्तुळं दिसतात ना, त्या बाजूवरच ते चालतं, कारण तिथे तंतूंची टोकं वर उभी असतात आणि स्वच्छ तुटतात. म्हणून झाकण कातताना लाकूड उभं लावायचं. आणि लाकूड घट्ट हवं. मी सागवानावर करून बघितलं, त्यातली छिद्रंच नक्षीपेक्षा मोठी दिसतात. आंबा तर कुसकरतो. आम्हाला सगळ्यात चांगला लागला पेरू. हो, पेरू! गावाकडे झाड तोडलं की फांद्या जळणात जातात. पण बारीक, एकजीव लाकूड आहे ते, भोवरे करणाऱ्यांना हे आधीपासून माहीत आहे. बोर चांगली, चिंचेचा गाभा चांगला, पण चिंच धार खाते.

इथे थोडं विषयांतर करतो. हे फक्त लाकडातच चालतं असं नाही. जपानमध्ये क्यूशू बेटावर ओंता नावाचं कुंभारांचं छोटं गाव आहे. तिथे अर्धवट वाळलेल्या भांड्यावर पांढऱ्या मातीचा पातळ थर देतात, भांडं चाकावर फिरवतात आणि त्याला लवचिक पोलादी पट्टी टेकवतात. पट्टी उड्या मारत जाते आणि जिथे टेकते तिथला पांढरा थर निघून खालची गडद माती दिसते. ताटभर बारीक टिपके, ओळीने. या हत्याराला ते उडता रंधा अशा अर्थाचं नाव देतात, तोबिकान्ना. आणि पट्टी कशाची, तर जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगची. मी हा व्हिडिओ आबांना दाखवला. ते म्हणाले, "म्हंजे कुंभाराला पण हादरा लागतोय तर." त्यानंतर घरात या विषयावर वाद झाला नाही.

दुसरं हत्यार झटपट सांगतो. लोखंडाच्या लेथवर हॅण्डलला खरबरीत चौकटी पाडायला नर्लिंगची दातेरी चाकं असतात. स्क्रू ड्रायव्हरच्या किंवा मायक्रोमीटरच्या मुठीवर बघा, तसली खरबरीत नक्षी. उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये झिजलेली चाकं मिळतील. लोखंडाला झिजलेलं चाक लाकडाला भरपूर होतं. बाराच्या गजाच्या टोकाला दुबेळकं करून त्यात पिन घालून चाक बसवायचं, ते मोकळं फिरलं पाहिजे. फिरणाऱ्या लाकडाला दाबून धरायचं. चाक सरळ धरलं तर टिपक्यांचा पट्टा येतो, थोडं तिरकं केलं तर पीळ पडलेल्या रेघा. हे डबीच्या बाजूवर पण चालतं. पण मऊ लाकडावर दाबलं की तंतू चेपतात आणि पॉलिशचा ओला हात लागला की परत फुगून वर येतात, नक्षी अर्धी गायब. इथे पण पेरूच.

तिसरं माझं लाडकं. कार्बाइडचा गोल बर, डाय घासायला वापरतात तो, चण्याएवढ्या गोळ्याचा. त्याचा दांडा सहा मिलिमीटरचा असतो आणि ६२६ नंबरच्या बेअरिंगचं भोक पण सहा मिलिमीटरचं. दोन बेअरिंग एका नळीत बसवली, त्यातून बर घातला. मोटर नाही, काही नाही. फिरणाऱ्या लाकडाला टेकवला की लाकूडच त्याला फिरवतं. सरळ समोर धरला तर नुसता घासतो आणि जाळतो. मूठ एका बाजूला तिरकी करा, साधारण ४५ अंशांत, की तो स्वतः गरगरायला लागतो आणि संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग तयार होतो. माझी नळी एका मित्राने आतून बोअर करून दिली, एकोणीस मिलिमीटर. जेवणाच्या सुट्टीत.

या तिसऱ्या हत्याराबद्दल मात्र मला एक कबूल करायचंय. हे वाईट काम झाकतं. पट्टीच्या नक्षीखाली खराब कातकाम लपत नाही, उलट उठून दिसतं. पण बरने सगळीकडे संत्र्याची साल केली की खालचे उपटलेले तंतू, पॉलिश पेपरच्या चरा, सगळं गडप. मी सुरुवातीला तेच करत होतो. आबांनी एक करंडा हातात घेतला, अंगठा फिरवला आणि विचारलं, "नक्षीसाठी केलंस का घाण झाकायला?" मी गप्प. आता माझा नियम साधा आहे. करंडा नक्षीशिवाय विकता येईल इतका चांगला झाला असेल, तरच त्यावर बर लावायचा. नेहमी पाळतो का? बहुतेक वेळा.

आता आबांचं हत्यार. हो, त्यांचं पण होतंच की! लाटण्याच्या मुठीजवळ दोन काळ्या रेघा असतात ना, जळक्या? लहानपणापासून बघत आलो, पण रंगाच्या असतील असं वाटायचं. त्या तारेने जाळलेल्या असतात. आधी पटाशीच्या टोकाने बारीक खाच पाडायची, मग लेथ जोरात चालू ठेवून त्या खाचेत लोखंडी तार ताणून धरायची. घर्षणाने धूर येतो, खाच काळी होते. आबांच्या तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी गुल्ल्या बांधलेल्या आहेत, पतंगाच्या मांज्याच्या असतात तशा. मी विचारलं, बोटाला गुंडाळली तर काय होईल? त्यांनी त्यांच्या डाव्या करंगळीकडे बोट दाखवलं. वरचं पेर नाहीये. मला आजवर सांगितलं होतं की दारात सापडलं.

म्हणून हे नीट ऐका. तार कधीही, कधीही बोटाला गुंडाळायची नाही. लाकडाने तार ओढली की गुल्ली हातातून सुटते. बोट सुटत नाही. हातमोजे घालून लेथवर काम करायचं नाही, मोजा अडकला की हात आत जातो. ओढणी, लांब बाह्या, मोकळे केस, गळ्यातली वायर, काही नको. हा पॉडकास्ट ऐकत काम करत असाल तर हेडफोनची वायर पण नको. तोंडभर शील्ड लावा, नुसता चष्मा नाही. माझ्या कानाजवळून गेलेला तो तुकडा दोन इंच अलीकडून आला असता तर हा भाग झाला नसता.

रंगाचं सांगायचं राहिलं. आबांकडे लाखेच्या कांड्या असतात. फिरणाऱ्या लाकडाला कांडी टेकवली की उष्णतेने लाख वितळून लागते. सावंतवाडीच्या चितार आळीतली खेळणी, चन्नपट्टणची खेळणी, कच्छमधल्या निरोणा गावचं काम, सगळीकडे लाख आहेच. मी झाकणावर पट्टीची नक्षी काढली आणि हौसेने लाल लाख लावली. नक्षी भरून सपाट! डोक्याला हात लावला. फेकून देणार होतो. आबांनी त्यावर पटाशीचा एक पातळ हात फिरवला, इतका पातळ की कागदासारखी साल निघाली. वरची लाख गेली, खाचांमधली राहिली. पिवळसर पेरूच्या लाकडावर लाल फूल! मग केवड्याच्या सुकलेल्या पानाने घासून चमक आणली. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात हाती लागलेली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच, आणि ती चुकीतून आली.

तर ५० करंडे गेले. वेळेवर गेले, संक्रांतीच्या चार दिवस आधी. आणि फेब्रुवारीत त्यातले १२ परत आले.

कारण ऐकाल तर हसाल. मी इतका रंगात आलो होतो की काही करंड्यांना आतून पण नक्षी केली होती, झाकणाच्या खालच्या बाजूला. आणि बाहेर बर लावलेले होते त्यांना लाख न भरता नुसतं तेल दिलं होतं. आता करंड्यात काय ठेवतात? कुंकू! ते प्रत्येक खाचेत जाऊन बसलं. बाहेरून हळदीची बोटं लागली ती निघेनात. बायकांनी टूथब्रशने घासलं तर लाकूड लाल झालं. दुकानाच्या बाईंनी फोन केला, रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "दादा, दिसायला छान आहेत हो, पण वापरणार कसं?" बारा करंड्यांचे पैसे परत केले. आई म्हणाली, "मला एकदा विचारलं असतंस तर?" खरंच, सबंध घरात कुंकवाचा करंडा रोज उघडणारी ती एकटी, आणि तिलाच मी एकदाही दाखवला नव्हता.

तेव्हापासून जिथे बोट लागतं, कुंकू लागतं, पीठ लागतं तिथे नक्षी नाही. आतली बाजू गुळगुळीत. झाकणावर लाख भरलेली नक्षी, तिच्यावरून ओलं फडकं फिरतं. लाटण्याला तर नक्षी नाहीच. मला खूपजण विचारतात, लाटण्यावर करा ना, भारी दिसेल. कणीक अडकेल, दोन दिवसांत वास येईल. लाटण्याला फक्त आबांच्या दोन काळ्या रेघा, मुठीजवळ.

लेथचं काय झालं विचाराल. अजून शेडमध्येच आहे. भंगारवाला अधूनमधून येऊन बघतो, आबा त्याला चहा देतात. यंदाची ऑर्डर ८० करंड्यांची आहे, एकाला २८० रुपये मिळतायत. त्यावर घर चालत नाही, माझा सीएनसीचा पगार आहे म्हणून चालतं, हे उगाच लपवत नाही. पण आबा सकाळी सात वाजता शेडमध्ये असतात. परवा मी कामावरून आलो तर ते एकटेच काहीतरी करत होते. जुनं अलार्मचं घड्याळ उघडून ठेवलेलं, स्प्रिंग काढलेली, शेजारी पाण्याची वाटी. मी विचारलं, "आबा, काय चाललंय?" म्हणाले, "त्या जपान्याची पट्टी पातळ हाय आपल्यापेक्षा. बघतो जरा."

तिचा आवाज अजून जुळलेला नाही. जुळला की पुढच्या भागात ऐकवतो. तोपर्यंत तुमच्याकडे पेरूच्या जाड फांद्या जळणात जात असतील तर टोकांना मेण लावून सावलीत ठेवा, नाहीतर तडकतात. आणि काही बनवलंत तर फोटो पाठवा, बिघडलेलं असलं तरी चालेल. भेटू.